आनंदाचा तक्ता भिंतीवरून उतरवा

कोल्हापुरातील शाळांच्या संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

या शैक्षणिक वर्षापासून तुमच्यापैकी काही शाळांत पाचवी ते नववीच्या वर्गांत फळ्याच्या उजव्या अंगाला एक फ्लेक्स लागला आहे. त्यावर पाच गोल चेहरे. डावीकडच्या टोकाला रडका, उजवीकडच्या टोकाला बत्तिशी दाखवणारा. खाली ताणून बांधलेली दोरी आणि दोरीला कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे, प्रत्येकावर स्केचपेननं हजेरी क्रमांक. प्रार्थना संपली की मुलं ओळीनं येतात, आपला चिमटा एखाद्या चेहऱ्याखाली अडकवतात आणि बाकावर जाऊन बसतात. वर्गशिक्षक चेहऱ्यांना एक ते पाच गुण धरून बेरीज करतात, सरासरी काढतात, मधल्या सुट्टीच्या आत आकडा कार्यालयात पोचतो. शनिवारी ज्या वर्गाची सरासरी सगळ्यांत जास्त त्याला 'आनंदी वर्ग' म्हणून ढाल, आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ढालीचा फोटो.

आम्ही तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र शिकवणारी, शाळांमधून समुपदेशनाचं काम करणारी काही माणसं आहोत. आमचा रोजचा विषय हाच: सुख म्हणजे काय, ते मोजता येतं का, कशानं वाढतं, कशानं बिघडतं. शिवाय आमची मुलं याच शाळांत आहेत आणि त्यांतल्या काही चिमट्यांवर त्यांचेच क्रमांक आहेत. पालक सभेत हे बोलून झालं. "सूचना चांगली आहे, पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं. वर्ष वाया जाण्याइतकी ही गोष्ट किरकोळ नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. मुलांच्या मनाचा विचार शाळेनं करावा हे वर्षानुवर्षं आम्हीच सांगत आलो. पण जे लावलं आहे ते उलट्या दिशेनं काम करतं.

आधी गणित बघू, कारण ते पाचवीतल्या मुलालाही करता येईल. वर्गाचा पट साठ. एकोणसाठ मुलांनी पाचवा चेहरा निवडला, एकानं पहिला. बेरीज २९६, सरासरी ४.९३. कार्यालयात गेलेला आकडा म्हणतो, वर्ग जवळजवळ पूर्ण आनंदी. ज्या एका मुलासाठी हा सगळा खटाटोप करायला हवा होता, ते त्या सरासरीत विरघळून गेलं. आता शेजारची तुकडी घ्या: सत्तावन्न जणांनी पाचवा, तिघांनी चौथा. सरासरी ४.९५. ढाल तिकडे. म्हणजे जे मूल मुख्याध्यापकांना दिसत नाही, तेच वर्गातल्या एकोणसाठ जणांना मात्र लख्ख दिसतं, कारण चिमट्यावर क्रमांक आहे. "तुझ्यामुळं ढाल गेली" हे वाक्य त्याला मधल्या सुट्टीत ऐकून घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो चिमटा उजवीकडे असतो. बहुतेक वेळा ते मूल स्वतःच सरकवतं.

ही झाली पहिली तक्रार: उत्तर उघड्यावर, नावानिशी आणि ओळीनं द्यायला लावणं. सॉलोमन अॅश यांनी १९५०च्या दशकात केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. कुठली रेघ किती लांब, एवढाच प्रश्न होता. एक जण सोडून खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. स्वतःच्या डोळ्यांना खरं दिसत असूनही अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या बाजूला झुकली. तिथं रेघ समोर होती, ती मोठी माणसं होती आणि हरण्यासारखं काही नव्हतं. इथं विचारलंय मनातलं, विचारलंय अकरा वर्षांच्या मुलाला आणि पणाला लागलीय वर्गाची ढाल. हजेरी क्रमांक एकनं पाचवा चेहरा निवडला की पुढची ओळ कुठं जाणार हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

बरं, खोटा चेहरा लावून मूल बाकावर बसलं म्हणून विषय संपत नाही. भावना दाबून चेहरा वेगळा ठेवायला लावला की काय होतं यावर जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून बरंच काम केलं आहे. वाईट वाटणं त्यानं कमी होत नाही. शरीरावरचा ताण वाढतो. आणि त्या वेळात समोर जे सांगितलं जातं त्यातलं लक्षात कमी राहतं, कारण लक्षाचा एक हिस्सा चेहरा सांभाळण्यात खर्ची पडतो. पहिला तास बहुतेक वर्गांत गणिताचा आहे. गणिताच्या शिक्षकांनी याची नोंद घ्यावी.

एक गंमत जाता जाता. याच मुलांच्या प्रार्थनेत मनाचे श्लोक असतात. जगी सर्वसुखी असा कोण आहे, असा रामदासांचा प्रश्न साठ मुलं एका सुरात म्हणतात आणि पाचच मिनिटांनी साठही जण उत्तर देतात, "मी".

दुसरी तक्रार पट्टीबद्दल. रडक्यापासून हसऱ्यापर्यंत एकच सरळ रेघ, त्यावर पाच खुणा. मुलाच्या मनात सकाळी जे असतं ते या रेघेवर कुठं बसवायचं? सहलीच्या आदल्या दिवसाची हुरहूर कुठल्या चेहऱ्याखाली? मित्र दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसला त्याचा हिरमोड? गृहपाठ न केल्याची धास्ती, ओशाळलेपण, कोंडमारा, रुसवा, नुसता कंटाळा? मराठीत यांना वेगवेगळे शब्द आहेत, कारण त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीवर उपायही वेगळा. धास्ती वाटणाऱ्याला मदत हवी, रुसलेल्याला थोडा वेळ हवा, कंटाळलेल्याला काम हवं. तिघांनीही दुसरा चेहरा निवडला तर शिक्षकांनी काय समजायचं? मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावते. म्हणजे शब्द शोधण्यातच थोडं औषध आहे. तुमच्या तक्त्यानं तो शोधच काढून टाकला.

आणि आपल्या भाषेत या बाबतीतला सगळ्यांत चांगला प्रश्न आधीपासून आहे. पोरगं बोर्डिंगात राहायला गेलं, पोरगी सासरी गेली, कुणी नोकरीला पुण्याला गेलं, की घरचे फोनवर विचारतात, "करमतंय का?" कुणी विचारत नाही की तू एक ते पाचपैकी किती आनंदी आहेस. करमणं या एका शब्दात जागा आहे, माणसं आहेत आणि हाताला लागलेलं काम आहे. "करमत नाही" म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: का, कोण नाही का बोलायला, जेवण बरोबर नाही का? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं संशोधन करून माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या. आपलं काहीतरी आपल्याला ठरवता यावं, काहीतरी नीट जमावं आणि कुणीतरी आपलं असावं. आजीच्या फोनमध्ये तिन्हींची चौकशी होते.

तिसरी तक्रार जरा खोलातली आहे, आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना ती टाळता येणार नाही. या उपक्रमाच्या तुमच्या परिपत्रकात आनंद, सुख, समाधान, कल्याण हे चार शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले आहेत. आत्ता बरं वाटणं आणि आयुष्य बरं चाललेलं असणं या दोन गोष्टी एक नव्हेत. हा फरक शब्दांचा कीस नाही. याच शहरात तो पहाटे चारला उघड्या डोळ्यांनी दिसतो.

कुठल्याही तालमीत जा. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं, पोरं जोर मारून बैठका सुरू करतात. तीनशेव्या बैठकेला मांड्या थरथरतात, श्वास पुरत नाही, घाम डोळ्यांत उतरतो. त्या क्षणी त्या पोरापुढं तुमचा तक्ता धरा. तो प्रामाणिक असेल तर डावीकडून पहिला, फार तर दुसरा चेहरा दाखवेल. आणि त्याला म्हणा, मग घरी जा की. तुमच्याकडं असं बघेल की पुन्हा विचारायची सोय नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतलं सात्त्विक सुख सुरुवातीला विषासारखं आणि परिणामी अमृतासारखं, तर राजस सुख बरोबर उलटं. सकाळी ठरावीक वेळी घेतलेला एक क्षणाचा चेहरा या दोन्हींत भेद करूच शकत नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेलं मूल पाचवा चेहरा निवडेल, अवघड प्रमेयाशी झगडणारं मूल दुसरा. ढाल कुणाला?

पाश्चात्त्य परंपरेतही सुखाचा हिशेब मांडणारे होते. जेरेमी बेंथमनं १७८९ मध्ये सुखाची अक्षरशः बेरीज-वजाबाकी मांडली. पण त्यानंसुद्धा सात निकष लावले: सुख किती तीव्र, किती वेळ टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून आणखी सुख निघतं का, त्यात दुःख मिसळलं आहे का, आणि ते किती जणांपर्यंत पोचतं. हिशेबीपणाबद्दल ज्याला लोक अजून नावं ठेवतात तो सात निकष लावतो, आपण एका चिमट्यात भागवतो. अॅरिस्टॉटल तर याच्याही पुढं गेला. त्याच्या मते एक पाकोळी दिसली म्हणून वसंत आला असं होत नाही, तसं एका दिवसावरून माणूस सुखी ठरत नाही; आणि लहान मुलाला तर त्या पूर्ण अर्थानं सुखी म्हणताच येत नाही, म्हटलंच तर ती त्याच्याबद्दलची आशा असते. कारण त्याच्या लेखी सुख म्हणजे स्वतः विचार करून, निवड करून, चांगल्या सवयींनी जगलेलं अख्खं आयुष्य. मुलाचं ते अजून घडायचं आहे. हे सगळं तुम्ही मान्यच करावं असा आग्रह नाही. पण दोन हजारांहून जास्त वर्षं ज्यावर वाद चालू आहे तो प्रश्न प्रार्थना आणि पहिल्या तासाच्या मधल्या चार मिनिटांत निकालात काढू नये, इतकंच.

ढालीबद्दल वेगळं सांगायला हवं. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं हे पाहिलं, तेव्हा बक्षिसाचं वचन मिळालेल्या मुलांचा चित्रांत जाणारा वेळ इतरांच्या निम्म्यावर आला होता. आवडीचं काम बक्षिसाचं काम झालं की असं होतं. शाळेत हसावं, गप्पा माराव्यात, वर्गात रमावं याला आजवर कुणी ढाल देत नव्हतं म्हणून मुलं ते करत होती.

चौथी तक्रार 'कृतज्ञता वही'ची. रोज पाच गोष्टी लिहायच्या, वर्गशिक्षकांची सही, न लिहिल्यास शेरा. वह्या उघडून बघा. आई, बाबा, गुरुजन, सूर्य, पाणी. दुसऱ्या दिवशी सूर्य आधी, आई नंतर. ही मुलं आळशी नाहीत. त्यांना मात्रा चुकीची दिली आहे. कृतज्ञता लिहिण्याचा उपयोग होतो हे खरं, रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये ते मोठ्यांच्या बाबतीत दाखवलं. पण सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या गटाला असं आढळलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजचं झालं की ते पाढ्यांसारखं होतं. तुम्ही तीनदाही नाही, सहादा लिहून घेताय, आणि वर सही. शिवाय ज्या मुलाच्या घरी खरोखर काही बरं चाललेलं नाही, त्याला रोज आईबाबांचे आभार लिहायला लावणं ही शिक्षाच आहे.

परिपत्रकात 'भूतानच्या धर्तीवर' असंही म्हटलं आहे. भूतानचा सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांक कसा काढतात ते ज्यानं वाचलं आहे त्यानं हे वाक्य लिहिलं नसतं. पंधरा वर्षांवरच्या माणसांना एकेकट्यानं भेटून, नऊ क्षेत्रांतल्या तेहतीस निर्देशकांवर प्रश्न विचारतात. मनःस्थिती हे नऊपैकी फक्त एक क्षेत्र. बाकीची आठ म्हणजे आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, संस्कृती, कारभार, शेजारपाजार, निसर्ग आणि राहणीमान. नऊच्या नऊ भरायची अटही नाही; साधारण दोन तृतीयांश बाबतींत 'पुरेसं' असलं तरी माणूस सुखी धरला जातो. आणि सर्वेक्षण काही वर्षांतून एकदा होतं: २०१०, २०१५, २०२२. सगळ्यांत महत्त्वाचं, तो निकाल लोकांचा नसतो, सरकारचा असतो. जे अजून सुखी नाहीत त्यांना काय कमी पडतंय ते शोधून तिथं पैसा आणि योजना न्यायच्या, यासाठी तो आकडा. तुम्ही मुलांचे आकडे घेऊन मुलांनाच ढाल दिली. भूतानच्या धर्तीवर करायचं तर शाळेचा निकाल लागायला हवा. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून नर्सरी ते आठवी आनंदाचा वेगळा अभ्यासक्रम आला, तोही बघा. त्यात परीक्षा ठेवली नव्हती आणि गुणही नव्हते.

मोजूच नका असं आम्ही म्हणत नाही. मोजमाप कसं असतं हे कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. जुलै उजाडला की अख्खं शहर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारत असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. त्या आकड्याला अर्थ आहे, कारण प्रत्येक आकड्यापुढं काय करायचं ते ठरलेलं आहे: कुठल्या गल्लीतली माणसं हलवायची, जनावरं कुठं न्यायची, कुठला रस्ता बंद करायचा. पाणी कमी राहिलं म्हणून कुणी पंचगंगेला ढाल देत नाही. तुमच्या तक्त्यावर सलग चार दिवस पहिल्या चेहऱ्याखाली लागलेला चिमटा बघून कुणी काय करायचं, हे परिपत्रकात एका ओळीनंही लिहिलेलं नाही. आणि २०१९ व २०२१चा महापूर ज्या घरांत शिरला होता त्या घरांतली मुलं आज तुमच्याच वर्गांत आहेत. जोराचा पाऊस लागला की त्यांतल्या काहींची झोप उडते. त्या सकाळी त्यांनी डावीकडचा चेहरा निवडला तर त्यांच्यात काही बिघाड नाही. ती भीती योग्यच आहे आणि ती दाखवायला त्यांना जागा हवी.

मोजायचं तर साधन आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे आणि साधारण नऊ वर्षांपुढच्या मुलांनाही चालते. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी आणि उत्साही होतो, शांत होतो, अंगात तरतरी होती, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं, रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं; या अर्थाची पाच वाक्यं. प्रत्येकाला ० ते ५, एकूण २५, त्याला चारनं गुणलं की शंभरपैकी आकडा. ५० किंवा खाली आला तर त्या मुलाशी नीट बोलायला हवं एवढाच त्याचा अर्थ. ते निदान नव्हे. यात तुमच्या तक्त्यात नसलेल्या तीन गोष्टी आहेत. चौदा दिवसांचा विचार होतो, त्यामुळं आजचा पाऊस किंवा कालचा पेपर सगळा निकाल फिरवत नाही. उत्तर कागदावर, दुमडून, एकट्यानं दिलं जातं. आणि मुळात ते कुणीतरी वाचून पुढं काही करणार या भरवशावरच विचारायचं असतं. बोलणारा माणूस शाळेत नसेल तर प्रश्नावली वाटूच नये, कारण मुलानं पहिल्यांदा खरं सांगितलं आणि काहीच झालं नाही, तर ते दुसऱ्यांदा सांगत नाही.

इथं येतो मुख्य मुद्दा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी मानसिक आरोग्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त पट असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडणी हवी. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि मुलांना चारचौघांत लाजवणं शक्यतो टाळायचं. मदतीचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावायचे. आता तुमच्याकडं बघा. हजारावर पट, समुपदेशक नाही. वर्षातून एकदा कुणीतरी प्रेरणादायी वक्ते येतात, सभागृहात दीड तास टाळ्या होतात, शाल-श्रीफळ होतं. 'अ' तुकडी हुशारांची आहे हे पहिलीच्या पोरालाही माहीत. आणि याच इमारतीत फळ्याशेजारी आनंदाचा तक्ता.

खेळाच्या तासाचंही तेच. नववीचा पीटीचा तास जादा गणिताला गेला, मैदानाच्या एका कडेला गाड्या लागतात. पेठापेठांत फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या शहरात शाळेतल्या पोराला चेंडू दिसतो तो शनिवारी. सामना हरल्यावर मैदानावर बसून रडणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत; कुणाच्याही तक्त्यावर ती पहिल्या चेहऱ्याखाली येतील, आणि तरी त्यांना त्या संध्याकाळी एकमेकांच्या खांद्यावरचा हात असतो. झोपेचं तर विचारूच नका. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच रात्री उशिराकडं सरकतं. राज्य शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. मोठ्या मुलांचे जादा तास मात्र पहाटे साडेपाच-सहाला. उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, या एकाच वाक्याला नववी-दहावीचा अख्खा वर्ग काय उत्तर देईल ते तुम्हाला माहीत आहे.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर दंड पालकाला होता. मुलानं शाळेत कुठला चेहरा घेऊन यावं याची सक्ती त्यात नव्हती.

आमच्या मागण्या अशा.

तक्ता आठवड्याभरात उतरवावा. सरासरी आणि ढाल आजपासून बंद. आतापर्यंत मुलांच्या क्रमांकासह जे आकडे वह्यांत, एक्सेलमध्ये किंवा ग्रुपवर जमा झाले आहेत ते नष्ट करावेत आणि तसं पालकांना लेखी कळवावं.

कृतज्ञता वही ऐच्छिक करावी, आठवड्यातून एकदा, सहीशिवाय. ज्याला कृतज्ञतेऐवजी तक्रार लिहायची आहे त्यानं तीही लिहावी. मराठीच्या तासाला भावनांचे शब्द घ्यावेत; महिन्याला चार शब्द धरले तरी वर्षाकाठी तीसेक होतात.

या सत्राच्या अखेरीस प्रत्येक शाळेत समुपदेशक हवा. एका संस्थेला परवडत नसेल तर जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून एक नेमावा, पण प्रत्येक शाळेत त्याचे आठवड्यातले दिवस आणि तास ठरलेले असावेत. मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि मुलांबरोबर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव बघावा. रिकामा तास असलेल्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम घालू नये. खोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लागून नको, नाहीतर कोण आत गेलं हे सगळ्या वऱ्हांड्याला कळतं. जिवाला धोका असल्याशिवाय मुलाचं बोलणं बाहेर जाणार नाही हे मुलाला आणि पालकाला पहिल्याच दिवशी सांगावं. त्यानंतरच, पालकांच्या संमतीनं, वर्षातून दोनदा पाच वाक्यांची प्रश्नावली द्यावी: एकदा ऑगस्टमध्ये, एकदा जानेवारीत, परीक्षेच्या आठवड्यात मुळीच नाही. कागद समुपदेशकाकडंच राहतील, संस्थेला वर्गवार आकडाही जाणार नाही. आकडा ५० किंवा त्याखाली आलेल्या मुलाशी आठ दिवसांच्या आत बोलणं होईल, हे लेखी हवं.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात, वसतिगृहात आणि मुलामुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारामागं आतल्या बाजूला लावावा. हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत चालतो. दारामागं अशासाठी की तिथं तो वाचताना कुणी बघत नाही.

खेळाचा तास नववी-दहावीलाही परत द्यावा, जादा तास सकाळी सातच्या आत नकोत, आणि गुणांवरून पाडलेल्या तुकड्या पुढच्या जूनपासून बंद.

शेवटची मागणी: यावर बैठक लावाल तेव्हा प्रत्येक इयत्तेतली दोन मुलं तिथं असू द्या. ती निवडताना मॉनिटर सोडून निवडा.

प्रश्नावली कशी द्यायची, शिक्षकांचं प्रशिक्षण कसं करायचं यासाठी आम्ही शनिवारी दुपारी वेळ द्यायला तयार आहोत, मानधन नको. फ्लेक्स उतरवलात तर चिमटे तेवढे टाकू नका. त्यांवरचे क्रमांक पुसून चित्रकलेच्या शिक्षकांना द्या. ओली चित्रं दोरीवर वाळत घालायला त्यांना नेहमीच कमी पडतात.

आपले,
तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राचे काही शिक्षक, समुपदेशक आणि पालक
कोल्हापूर